इलेक्ट्रॉनांच्या थरात उठणाऱ्या लाटा

गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड हे दोन अर्धसंवाहक एकावर एक चढवले, की त्यांच्या सांध्यापाशी इलेक्ट्रॉनांचा एक पातळ थर अडकून राहतो. जाडी साधारण १० नॅनोमीटर. एका चौरस सेंटिमीटरमध्ये इलेक्ट्रॉन सुमारे १०० अब्ज. आकडा प्रचंड वाटतो, पण हिशेब मांडला तर दोन शेजारी इलेक्ट्रॉनांमध्ये सरासरी ३० नॅनोमीटरचं अंतर पडतं. म्हणजे मधे शंभरेक अणू ओळीने मावतील. इतकी विरळ वस्ती, तरीही यातला एकही इलेक्ट्रॉन एकटा नसतो. प्रत्येकावर ऋण प्रभार आहे, त्याचं बल दूरवर पोचतं, आणि एक जरा सरकला की आजूबाजूच्या कितीतरी जणांना त्याचा धक्का जाणवतो.

म्हणून या थराला बाहेरून थोडी ऊर्जा दिली, तर ती कुठल्या तरी एका इलेक्ट्रॉनच्या खात्यात जमा झाली असं धरून चालता येत नाही. बरेचदा ती सगळ्यांनी मिळून केलेल्या हालचालीत जाते. अशा हालचालींना सामूहिक उत्तेजना म्हणतात. त्यांना स्वतःची वारंवारता असते, स्वतःचा वेग असतो, आणि हे गुण एकट्या इलेक्ट्रॉनमध्ये शोधून सापडत नाहीत.

या विषयातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी: इलेक्ट्रॉन सपाट थरात कोंडलेले असले, तरी त्यांचं विद्युतक्षेत्र कोंडलेलं नसतं. ते थराच्या वर आणि खाली खुशाल पसरतं. द्विमितीय इलेक्ट्रॉनांचं बरंचसं वेगळेपण या एका विसंगतीतून निघतं.

थराला जाडी आहे, मग मिती दोनच कशा?

शंका रास्त आहे. १० नॅनोमीटर म्हणजे शून्य नव्हे. पण इतक्या अरुंद जागेत पुंजयामिकीचे (क्वांटम मेकॅनिक्सचे) नियम लागू होतात, आणि जाडीच्या दिशेने इलेक्ट्रॉनला ठराविक ऊर्जापातळ्याच मिळतात. सर्वांत खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर जायला जी ऊर्जा लागते, ती द्रव हेलियमच्या तापमानाला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर ४ अंशांना, इलेक्ट्रॉनजवळ नसते. त्यामुळे सगळे इलेक्ट्रॉन खालच्याच पातळीत राहतात आणि त्या दिशेची हालचाल गोठल्यासारखी होते. उरतात दोन दिशा. द्विमितीय म्हणायचं ते या अर्थाने.

असे थर बनवायची कला फार पुढे गेली आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी एक युक्ती काढली: इलेक्ट्रॉन पुरवणारे अशुद्धीचे अणू थरात न ठेवता थोड्या अंतरावर, शेजारच्या पदार्थात ठेवायचे. इलेक्ट्रॉन तिथून सुटून थरात येतात आणि त्यांना अडवणारे अणू मागे राहतात. आज उत्तम नमुन्यांत इलेक्ट्रॉन कशालाही न धडकता मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पल्ला सरळ काढतो. अणूच्या मापाने पाहिलं तर हा प्रवास अफाट आहे. पुढे ज्या नाजूक लाटांबद्दल बोलायचं आहे त्या दिसल्या, त्याचं मोठं श्रेय या स्वच्छतेला जातं.

धातूतली लाट आणि थरातली लाट

आधी त्रिमितीय धातूकडे पाहू. धातूत धन प्रभाराचे आयन जागेवर बसलेले असतात आणि त्यांच्यामधून इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात. समजा, इलेक्ट्रॉनांचा मोठा जथा एका बाजूला किंचित सरकला. तिथे ऋण प्रभार साठला, मागे धन प्रभार उघडा पडला. त्या दोघांमधलं विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनांना परत ओढतं. ते परत येतात, पण वेगात असल्यामुळे मूळ जागा ओलांडून पलीकडे जातात, आणि पुन्हा मागे ओढले जातात. हे दोलन म्हणजे प्लाझ्मा दोलन. विरळ वायूंतल्या विद्युतविसर्जनात ते टॉन्क्स आणि लँगम्युअर यांनी १९२९ मध्ये समजावून सांगितलं. धातूंतल्या इलेक्ट्रॉनांसाठी डेव्हिड बोम आणि डेव्हिड पाइन्स यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा सिद्धांत मांडला. या दोलनाच्या ऊर्जेच्या एका पुंजाला प्लाझ्मॉन म्हणतात. ॲल्युमिनियममध्ये तो सुमारे १५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो, अतिनील पट्ट्यातही बराच वर.

धातूतल्या या लाटेचा एक गुण चमत्कारिक आहे: लांब तरंगलांबीच्या लाटांची वारंवारता तरंगलांबीवर जवळजवळ अवलंबूनच नसते. लाट लांब असो की आणखी लांब, ठेका तोच. कारण असं, की त्रिमितीत साठलेला प्रभार सपाट पत्र्यांच्या रूपात असतो, आणि अमर्याद मोठ्या प्रभारित पत्र्याचं विद्युतक्षेत्र अंतराप्रमाणे कमी होत नाही. ऋण आणि धन प्रभाराचे पत्रे एकमेकांपासून कितीही दूर गेले तरी परत ओढणारं बल तेवढंच राहतं.

आता हीच गोष्ट पातळ थरात करून पाहा. इलेक्ट्रॉन सरकले तर साठलेला प्रभार पत्र्याच्या रूपात असणार नाही, कारण पत्र्याला लागणारी तिसरी मितीच नाही. तो रेषांच्या रूपात असेल: थरावर एक ऋण पट्टा, एक धन पट्टा, पुन्हा ऋण. आणि प्रभारित रेषेचं क्षेत्र अंतराबरोबर विरत जातं. अंतर दुप्पट केलं की क्षेत्र निम्मं. बलरेषा थर सोडून वर-खाली फाकतात. म्हणजे लाट जितकी लांब, तितके पट्टे दूर, तितकं परत ओढणारं बल कमी, आणि तितकं दोलन संथ. परत ओढणारं बल तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असल्याने वारंवारतेचा वर्गही तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो. तरंगलांबी चौपट केली तर वारंवारता निम्मी. फार लांब लाटेची वारंवारता शून्याकडे जाते. धातूत असं होत नाही; तिथे सर्वांत लांब लाटेलाही भरपूर ऊर्जा मोजावी लागते.

हे नातं ज्यांनी पाण्याच्या लाटांचं गणित पाहिलं असेल त्यांच्या लगेच ओळखीचं वाटेल. खोल पाण्यावरच्या लाटांचाही नियम हाच आहे: तरंगलांबी चौपट, तर वारंवारता निम्मी आणि वेग दुप्पट. तिथे परत ओढणारं बल गुरुत्वाचं असतं, इथे विद्युत प्रभाराचं. आणि साम्य इथेच थांबत नाही. थराच्या अगदी जवळ, लाटेच्या लांबीच्या मानाने कमी अंतरावर, धातूचा पत्रा बसवला (ट्रान्झिस्टरमध्ये त्याला गेट म्हणतात), तर बाहेर पसरणारं क्षेत्र तो पत्रा अडवतो. थरात जिथे ऋण प्रभार साठतो, त्याच्या समोर पत्र्यात धन प्रभार येऊन उभा राहतो. मग सगळ्या लांब लाटा एकाच वेगाने धावतात. उथळ पाण्यातही तेच होतं. तिथे वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो, इथे गेट किती अंतरावर आहे त्यावर.

मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. इलेक्ट्रॉन तेच, त्यांची संख्या तीच, पदार्थ तोच. फक्त थराबाहेर, त्याला न शिवता, एक धातूचा पत्रा आणून ठेवला आणि लाटेचा नियमच बदलला. लाटेची बरीचशी ऊर्जा थराबाहेरच्या क्षेत्रात असते, म्हणून बाहेर काय आहे याला एवढं महत्त्व.

आकडे घालून पाहू

सुरुवातीचाच थर घेऊ: दर चौरस सेंटिमीटरला १०० अब्ज इलेक्ट्रॉन. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ०.०६७ पट वस्तुमानाचा असल्यासारखा वागतो, आणि भोवतालचा पदार्थ विद्युतबल सुमारे १३ पटींनी कमी करतो. जवळ गेट नाही असं धरून १ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या लाटेची वारंवारता काढली तर ती येते सुमारे ०.५४ टेराहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५४० अब्ज दोलनं. लाट सेकंदाला सुमारे ५४० किलोमीटर वेगाने पळते. याच थरातले सर्वांत चपळ इलेक्ट्रॉन सेकंदाला १४० किलोमीटरच्या आसपास धावतात. लाट त्यांच्यापेक्षा जवळजवळ चौपट वेगवान आहे.

ही चौपट फार कामाची आहे. लाट इलेक्ट्रॉनांपेक्षा वेगाने पुढे निघून जाते तोवर कोणताही एकटा इलेक्ट्रॉन तिच्या सोबत राहून तिची ऊर्जा पिऊ शकत नाही, आणि लाट टिकते. तरंगलांबी कमी करत गेलं की लाटेचा वेग घटतो. शंभरेक नॅनोमीटरच्या आसपास तो इलेक्ट्रॉनांच्या वेगाजवळ येतो, आणि मग लाटेच्या बरोबरीने धावणारे इलेक्ट्रॉन तिची ऊर्जा आपल्याकडे ओढून घेतात. सामूहिक लाट विरून सुट्या इलेक्ट्रॉनांच्या हालचालीत मिसळते. लेव लँडाऊ यांच्या नावाने याला लँडाऊ अवमंदन म्हणतात. सामूहिक आणि सुटं यांच्यातली सीमा ही अशी मोजता येण्याजोगी आहे, म्हणूनच तर प्लाझ्मॉनला स्वतंत्र अस्तित्व आहे असं म्हणता येतं.

आता अडचण. ०.५४ टेराहर्ट्झच्या प्रकाशाची मोकळ्या जागेतली तरंगलांबी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त असते, आणि आपल्या प्लाझ्मॉनची आहे १ मायक्रोमीटर. पाचशे पटींहून जास्त फरक. प्रकाशाचं क्षेत्र एवढ्या लांबवर जवळजवळ एकसारखं असतं, आणि एकसारख्या क्षेत्राने थरात दाट-विरळ पट्टे उठत नाहीत. म्हणून नुसता प्रकाश पाडून हा प्लाझ्मॉन जागा होत नाही. उपाय म्हणजे थराच्या वर धातूच्या बारीक समांतर पट्ट्यांची जाळी बसवायची. पट्ट्यांखालून जाताना प्रकाशाचं क्षेत्र जाळीच्याच मापाने कमी-जास्त होतं, आणि त्याच मापाची लाट थरात उठते.

कोणी पाहिल्या या लाटा?

फ्रँक स्टर्न यांनी १९६७ मध्ये द्विमितीय इलेक्ट्रॉनांचा सिद्धांत मांडताना ‘तरंगलांबी चौपट, तर वारंवारता निम्मी’ हा वर्गमुळाचा नियम दिला. प्रत्यक्ष पुरावा पहिल्यांदा मिळाला तो मात्र कुठल्याही घन स्फटिकात नव्हे, तर द्रव हेलियमच्या पृष्ठभागावर. इलेक्ट्रॉन द्रव हेलियमकडे ओढला जातो, पण आत शिरू शकत नाही, त्यामुळे पृष्ठभागाच्या जरा वर तरंगत राहतो. ग्राइम्स आणि ॲडम्स यांनी १९७६ मध्ये अशा इलेक्ट्रॉनांच्या थरात प्लाझ्मॉन मोजले. हेलियमवरची इलेक्ट्रॉनांची वस्ती अर्धसंवाहकातल्या थरापेक्षा कितीतरी विरळ असते. दर चौरस सेंटिमीटरला १० कोटी इलेक्ट्रॉन आणि सेंटिमीटरभर लांबीची लाट धरून गणित केलं, तर वारंवारता येते १६० मेगाहर्ट्झ. सरळ रेडिओच्या पट्ट्यातली. त्याच दोघांनी १९७९ मध्ये याच थरात इलेक्ट्रॉन शिस्तीत रचून उभे राहतात, म्हणजे त्यांचा स्फटिक होतो, हेही दाखवलं. युजीन विग्नर यांनी १९३४ मध्ये वर्तवलेली गोष्ट प्रयोगात उतरायला पंचेचाळीस वर्षं लागली.

अर्धसंवाहकात ॲलन, त्सुई आणि लोगन यांनी १९७७ मध्ये सिलिकॉनच्या पृष्ठभागालगतच्या इलेक्ट्रॉन थरात, वर सांगितलेली जाळी वापरून, प्लाझ्मॉनने शोषलेली दूर-अवरक्त किरणं टिपली. यातले डॅनियल त्सुई पुढे पुन्हा येणार आहेत.

एकाच्या जागी दोन समांतर थर असले तर? मग दोन प्रकारच्या लाटा मिळतात. एकीत दोन्ही थर एकाच तालात हलतात. ती आपली ओळखीची. दुसरीत एका थरात इलेक्ट्रॉन दाटतात तेव्हा दुसऱ्यात विरळ होतात. दुरून पाहिलं तर प्रभार एकमेकांना फेडून टाकतात, बाहेर पसरणारं क्षेत्र फारसं उरत नाही, आणि लाट ध्वनीसारखी, ठराविक वेगाने चालते. शंकर दास सर्मा आणि मधुकर यांनी १९८१ मध्ये हे सिद्धांतातून दाखवलं. जवळचं एक नातं सांगण्यासारखं आहे. पाइन्स यांनी १९५६ मध्ये अशी कल्पना मांडली होती, की एकाच धातूत दोन जातींचे इलेक्ट्रॉन असतील तर ते उलट तालात हलून प्रभारच न दाखवणारी लाट तयार करतील. तिचं नाव त्यांनी ‘डीमन’ ठेवलं. प्रभार दिसत नाही म्हणून प्रकाशालाही ती दिसत नाही. स्ट्रॉन्शियम रुथेनेट या थरांच्या धातूत इलेक्ट्रॉनांचा मारा करून ती २०२३ मध्ये सापडली, सदुसष्ट वर्षांनी.

ग्राफीन

कार्बनच्या एका अणूच्या जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये तो वेगळा करून त्याचे विद्युत गुण मोजले, आणि २०१० चं नोबेल त्यांना मिळालं. इथले इलेक्ट्रॉन वेगळ्या नियमाने चालतात: त्यांची ऊर्जा संवेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, जणू त्यांना वस्तुमानच नाही. त्यामुळे प्लाझ्मॉनची वारंवारता इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या चौथ्या मुळाप्रमाणे वाढते. नेहमीच्या थरात वारंवारता दुप्पट करायला चौपट इलेक्ट्रॉन लागतात, ग्राफीनमध्ये सोळापट. तरंगलांबीशी असलेलं वर्गमुळाचं नातं मात्र इथेही तसंच राहतं. का, ते आता कळण्यासारखं आहे: ते नातं इलेक्ट्रॉनांच्या स्वभावातून येत नाही, क्षेत्र थराबाहेर पसरण्यातून येतं, आणि ग्राफीनचं क्षेत्रही तसंच पसरतं.

आणखी एक फरक आहे. नेहमीच्या थरातल्या लांब प्लाझ्मॉनच्या सूत्रात प्लांकचा स्थिरांक, म्हणजे पुंजयामिकीची खूण असलेला आकडा, येतच नाही. न्यूटनच्या नियमांवरून ते काढता येतं. ग्राफीनच्या सूत्रात तो येतो. म्हणजे कितीही लांब लाट घेतली तरी ती पुंजयामिकीवाचून समजत नाही. एवढ्या मोठ्या मापाच्या लाटेत तो स्थिरांक टिकून राहावा, हे मला आजही थक्क करतं.

२०१२ मध्ये दोन गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ग्राफीनमधल्या या लाटांची चित्रंच काढली. पद्धत पाहण्यासारखी आहे. अणुबल सूक्ष्मदर्शकाची धातूने मढवलेली सुई ग्राफीनवर आणायची. तिचं टोक काही दशक नॅनोमीटरचं. तिच्यावर सुमारे १० मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश सोडायचा. प्रकाशाचं क्षेत्र टोकाशी एकवटतं आणि तिथून ग्राफीनमध्ये गोल लाट सुटते. लाट ग्राफीनच्या कडेला आपटून परत येते, टोकापाशी येणाऱ्या-जाणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात, आणि सुई कडेपासून दूर नेत गेलं की सुईने विखुरलेला प्रकाश वाढतो, घटतो, पुन्हा वाढतो. अशा दोन वाढींमधलं अंतर म्हणजे तरंगलांबीचा अर्धा भाग. ते निघालं १०० नॅनोमीटरच्या घरात. म्हणजे प्लाझ्मॉनची तरंगलांबी सुमारे २०० नॅनोमीटर: त्याला जागवणाऱ्या प्रकाशाच्या पन्नासाव्या भागाइतकी. गेटवरचा व्होल्टेज बदलला की इलेक्ट्रॉनांची संख्या बदलते, आणि तरंगलांबीही डोळ्यांदेखत बदलते. धातूच्या पृष्ठभागावरच्या प्लाझ्मॉनला अशी चावी नसते.

उपयोगाचं म्हणाल तर, प्रकाशाला त्याच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान जागेत कोंडता येणं ही संवेदकांसाठी मोठी गोष्ट आहे. द्याकोनोव्ह आणि शुर यांनी १९९३ मध्ये सुचवलं होतं, की छोट्या ट्रान्झिस्टरमधून प्रवाह सोडला तर त्याच्या इलेक्ट्रॉन थरात प्लाझ्मा लाटा आपसूक वाढत जाऊन टेराहर्ट्झ किरण देतील. त्या विचारातून टेराहर्ट्झचे शोधक ट्रान्झिस्टर तयार झाले. जोरदार किरण देणारे उगम बनवणं मात्र अवघडच राहिलं आहे.

चुंबकीय क्षेत्र लावलं की

थराला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावलं की इलेक्ट्रॉन गोल फिरू लागतात. गॅलियम आर्सेनाइडमध्ये १ टेस्ला क्षेत्रात हे फिरणं सेकंदाला सुमारे ४२० अब्ज फेऱ्यांचं असतं. आता लाटेला दोन बलं परत खेचतात, एक विद्युत आणि एक चुंबकीय. लाटेच्या वारंवारतेचा वर्ग हा प्लाझ्मॉनच्या आणि गोल फिरण्याच्या वारंवारतेच्या वर्गांची बेरीज असतो. सर्वांत लांब लाटही आता शून्य वारंवारतेला जात नाही. गोल फिरण्याची वारंवारता हा तिचा तळ होतो.

थराच्या कडेला मात्र वेगळंच घडतं. तिथे एक लाट या तळाच्याही खाली मिळते, आणि ती कडेने एकाच दिशेने चालते. क्षेत्राची दिशा उलटी केली की लाटेची दिशा उलटते, आणि क्षेत्र वाढवलं की तिची वारंवारता घटते. हेलियमवरच्या इलेक्ट्रॉनांत ती १९८५ मध्ये स्पष्ट दिसली.

याच ठिकाणी वॉल्टर कोन यांचं १९६१ चं प्रमेय आडवं येतं. सगळीकडे सारखं असलेलं क्षेत्र लावलं तर सर्व इलेक्ट्रॉनांवर सारखंच बल येतं, आणि त्यांचं आपापसातलं ढकलणं एकमेकांत फिटून जातं. इलेक्ट्रॉनांचा सामायिक वस्तुमानकेंद्र तेवढा गोल फिरतो. म्हणजे अशा प्रकाशाने मोजलेल्या वारंवारतेत इलेक्ट्रॉनांच्या परस्परसंबंधांचा मागमूस लागत नाही. सामूहिक गती आहे, आणि तरीही समूहाबद्दल ती काही सांगत नाही. आत काय चाललं आहे ते जाणून घ्यायचं तर दुसरी वाट लागते, आणि ती रामन विखुरण्याची आहे: लेसरचा प्रकाश आत सोडायचा आणि बाहेर आलेल्या प्रकाशाची ऊर्जा किती घटली ते मोजायचं. जितकी घट, तितकी ऊर्जा थरातल्या उत्तेजनेने घेतली.

एक तृतीयांशचं द्रव

तीव्र क्षेत्रात आणि अतिथंड तापमानात इलेक्ट्रॉनांची गतिज ऊर्जा लँडाऊ पातळ्यांत, म्हणजे गोल फिरण्याच्या ठराविक ऊर्जापातळ्यांत, वाटली जाते. आपल्या थरासाठी सुमारे १२.४ टेस्लाला अशी स्थिती येते, की दर इलेक्ट्रॉनमागे चुंबकीय प्रवाहाचे ३ पुंज असतात. एका पुंजामागे पातळीत एक जागा, म्हणून सर्वांत खालची पातळी एक तृतीयांश भरते. त्या पातळीत सगळ्या जागांची गतिज ऊर्जा सारखीच, त्यामुळे ती काहीच ठरवू शकत नाही. सगळं ठरतं ते इलेक्ट्रॉनांच्या एकमेकांना ढकलण्यावर.

१९८२ मध्ये त्सुई, श्टोर्मर आणि गोसार्ड यांना याच एक तृतीयांशाला हॉल रोधाची (प्रवाहाला आडव्या दिशेने मोजलेल्या व्होल्टेजवरून काढलेल्या रोधाची) सपाट पायरी मिळाली. रॉबर्ट लाफलिन यांनी पुढच्याच वर्षी त्याचा अर्थ लावला: इलेक्ट्रॉनांनी दबायला नकार देणारं एक नवं द्रव तयार केलं आहे, आणि त्यातल्या उत्तेजनेवर इलेक्ट्रॉनच्या एक तृतीयांश प्रभार असतो. त्सुई, श्टोर्मर आणि लाफलिन यांना १९९८ चं नोबेल मिळालं. अशा कितीतरी अपूर्णांकांना एका सूत्रात बांधणारा विचार जैनेंद्र जैन यांनी १९८९ मध्ये दिला: इलेक्ट्रॉन प्रवाहाचे दोन भोवरे अंगावर घेऊन एक नवा संयुक्त कण होतो, आणि ते कण साध्या इलेक्ट्रॉनांसारखे पातळ्या भरतात. २०२५ च्या वुल्फ पारितोषिकात त्यांचा वाटा आहे.

या द्रवातली सामूहिक लाट कशी असेल? गर्विन, मॅकडोनाल्ड आणि प्लात्झमान यांनी १९८५ च्या सुमारास उत्तर काढलं. अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणाऱ्या, हेलियमसाठी फाइनमन यांनी वापरलेली पद्धत त्यांनी इथे आणली. हेलियममध्ये तरंगलांबी अणूंमधल्या अंतराजवळ आली की लाटेची ऊर्जा खाली येते. त्या खळग्याला रोटॉन म्हणतात. इलेक्ट्रॉनांच्या या द्रवातही तसाच खळगा निघाला, म्हणून याचं नाव मॅग्नेटोरोटॉन. खळग्याचा अर्थ असा, की त्या मापाला द्रव स्फटिकात रचलं जाण्याच्या बेतात असतं, पण रचलं जात नाही. साध्या प्लाझ्मॉनपेक्षा आणखी एक मोठा फरक: लाट कितीही लांब केली तरी तिला ऊर्जा लागतेच. द्रव दबत नाही ते यामुळेच. ॲरन पिन्चुक यांच्या गटाने १९९३ मध्ये रामन विखुरण्यातून ही उत्तेजना पाहिली. तिची ऊर्जा एका मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, तर त्याच क्षेत्रात पुढच्या लँडाऊ पातळीवर जायला वीसेक मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात.

सर्वांत लांब तरंगलांबीला या लाटेत नेमकं काय हलतं, हा प्रश्न बरीच वर्षं लोकांच्या मनात होता. प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःभोवती इतरांना येऊ न देणारी एक रिकामी जागा राखून असतो. डंकन हॉल्डेन यांनी २०११ मध्ये दाखवलं, की या जागेच्या आकाराला स्वतःची भूमिती आहे: ती गोल असू शकते, लंबगोल होऊ शकते. लांब लाटेत हा आकारच ताणला-दाबला जातो आणि फिरतो. गुरुत्वीय लहरीही अवकाश असाच एका दिशेने ताणतात आणि काटकोनात दाबतात, त्यामुळे गणित मिळतंजुळतं येतं आणि या उत्तेजनेला ग्रॅव्हिटॉनचं, म्हणजे गुरुत्वीय लहरींच्या पुंजाचं, नाव मिळालं. प्रत्यक्ष गुरुत्वाशी तिचा संबंध नाही. पण ती एकाच हाताची असते: आकार एकाच दिशेने फिरतो.

हे तपासायचं तर वर्तुळाकार ध्रुवित, म्हणजे ज्याचं क्षेत्र गोल फिरत पुढे जातं असा, प्रकाश लागतो. एका हाताचा प्रकाश आत, उलट्या हाताचा बाहेर, आणि दोघांतला कोनीय संवेगाचा फरक २ एककांचा. पिन्चुक यांच्याकडे सुरू झालेलं आणि चीनमधल्या नानजिंग विद्यापीठात पुढे गेलेलं हे काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. एक तृतीयांशाला एका हाताचा संकेत आला, दोन तृतीयांशाला उलट्या हाताचा. दोन तृतीयांश भरलेली पातळी म्हणजे एक तृतीयांश रिकामी पातळी, आणि रिकाम्या जागा धन प्रभारासारख्या वागून उलट फिरतात, हे धरलं तर संकेत अगदी हवा तसाच आहे.

आता नजर लागली आहे ती पाच द्वितीयांश, म्हणजे अडीच पातळ्या भरलेल्या, स्थितीकडे. ती १९८७ मध्ये सापडली, आणि तिच्यातल्या द्रवाची रचना कोणती यावर अजून वाद आहे. दोन प्रमुख दावेदार एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत, आणि सिद्धांत सांगतो की त्यांचे ग्रॅव्हिटॉन उलट्या हातांचे असतील. रोध मोजून जो फरक कळत नाही, तो विखुरलेल्या प्रकाशाच्या हातावरून कळायला हवा.